गुंठ्याची गोष्ट

मंडळी, २०२५च्या नोव्हेंबरात तुकडेबंदीचा अध्यादेश निघाला आणि तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत हाच विषय. "सर, तुम्ही पेपर वाचता, आमचं काय होईल सांगा," असं विचारणारे रोज एक-दोघे भेटतात. अध्यादेशात काय आहे ते वर्तमानपत्रांत आलंच. पण हा कायदा मुळात आला कुठून, कशासाठी आला आणि शेतासाठी केलेला कायदा आमच्या घरांच्या आड कसा आला, हे कोणी सांगत नाही. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा तेवढं सांगण्याचा हक्क मला आहे असं समजून लिहितो.

परदेशातल्या नातवंडांसाठी आधी हिशेब. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आपल्याकडे साध्या माणसाचं घर एक-दीड गुंठ्यात बसतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि पुढे तुळस.

आता गोष्ट सुरू होते ती पुण्याजवळच्या एका खेड्यात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. पेशवाईतली जुनी कागदपत्रं आणि त्या वेळची मोजणी त्यांनी ताडून पाहिली. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. तीही एका जागी नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली. भावाभावांच्या वाटण्या होत होत जमिनीचे असे तुकडे झाले की औत फिरवायलाही जागा पुरेना. आपल्या वऱ्हाडात धुऱ्यावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मान यांच्या अभ्यासाने सरकार जागं झालं. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात लहान शेतांविषयी एक विधेयक आलं. पण लहान तुकडेवाल्याची जमीन हातची जाईल आणि तो भूमिहीन होईल, अशी ओरड झाली, विरोध वाढला आणि विधेयक बारगळलं. शेवटी कायदा झाला तो १९४७ साली. त्याचं नाव लांबलचक आहे, लोक त्याला तुकडेबंदी म्हणतात. आपण त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, म्हणून तो पुढे विदर्भालाही लागू झाला.

कायद्याचं मर्म सोपं होतं. प्रत्येक भागात जमिनीच्या प्रकाराप्रमाणे एक 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवायचं. त्याहून लहान तो 'तुकडा'. तुकडा विकायचा तर लागून असलेल्या शेतकऱ्यालाच विकायचा. वाटणी करतानाही नवा तुकडा पाडायचा नाही. केला तर तो व्यवहार रद्द, वर अडीचशे रुपयांपर्यंत दंड. १९४७ साली अडीचशे रुपये म्हणजे चेष्टा नव्हती.

हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. शेत शेतासारखं राहावं एवढंच म्हणणं होतं. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नांगर होता, घर नव्हतं. आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत शेताच्या कडेला येऊन उभं राहिलं ते घर.

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव, कोणतंही गाव घ्या. कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर आले, बाजार समितीत हमाल आले, एस.टी.त वाहक-चालक आले, शाळांत आमच्यासारखे मास्तर आले. खेड्यातली मुलं शिकायला म्हणून आली आणि इथेच राहिली. या सगळ्यांना हवा होता गावाला लागून एक-दीड गुंठा. गावठाण तर केव्हाच भरलेलं. सभोवती काळीभोर शेतं, आणि त्यातला एक-दीड गुंठा विकणं म्हणजे तुकडा पाडणं!

रीतसर वाट नव्हती असं नाही. मालकाने जमीन अकृषक करून घ्यायची, नगररचना खात्याकडून ले-आउट मंजूर करायचा, रस्ते सोडायचे, मोकळी जागा सोडायची आणि मग प्लॉट विकायचे. असे ले-आउट झालेही. पण त्यांना वेळ लागे, पैसा लागे आणि ओळखही लागे. तो सगळा खर्च शेवटी प्लॉटच्या किमतीत. मास्तराला जेमतेम परवडे, हमालाला नाहीच.

मग लोकांनी काय केलं? घरं बांधायची ती बांधलीच. मंडळी, माझ्या सगळ्या लिहिण्याचा मुद्दा हाच आहे. तुकडेबंदीने गावाच्या कडेचं एकही घर थांबलं नाही, थांबलं ते फक्त खरेदीखत. शेतकऱ्याने विकलं, गरजवंताने घेतलं, आणि मधे खरेदीखताऐवजी स्टॅम्प पेपरवरची सौदाचिठ्ठी आली. कुठे नोटरी केलेला कागद आला. कुठे दहा-बारा अनोळखी माणसांनी मिळून वीस गुंठे सामाईक घेतले आणि सात-बाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक चढवली. जणू ते सख्खे भाऊच!

आमच्या शाळेत एक शिपाई होते. आता ते हयात नाहीत. १९८८ साली त्यांनी गावाच्या कडेला दीड गुंठा घेतला. वीस रुपयांच्या स्टॅम्पवर विकणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, एवढाच कागद. सुट्टीच्या दिवसांत स्वतः विटा वाहून त्यांनी घर उभं केलं. घरपट्टी नेमाने भरली, पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या. पुढे मुलगा नोकरीला लागला, वर दोन खोल्या चढवाव्यात म्हणून बँकेत गेला. बँकेने सात-बारा मागितला. सात-बाऱ्यावर नाव मूळ मालकाच्या मुलांचं. ती मुलं म्हणाली, आजच्या भावाने फरक द्या, मग सही करतो. ज्या घरात तीस वर्षं राहिले त्याच घरासाठी पुन्हा पैसे! परवा तो मुलगा भेटला. म्हणाला, "सर, आता तरी बाबांचं नाव चढन का?" काय सांगणार? ज्यांचं खरेदीखतच झालेलं नाही त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्ताची नोंदणी करावी लागते, आणि तिथे पुन्हा सही लागते ती त्याच वारसांची. तुकड्याची अडचण सरकारने दूर केली, माणसाची अडचण ज्याची त्याला सोडवायची आहे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला आणि तोवरच्या अशा वस्त्या शुल्क घेऊन नियमित करायची सोय झाली. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. तुकडेबंदीतही २०१७ साली दुरुस्ती झाली आणि १५ नोव्हेंबर १९६५ पासूनचे व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करता येऊ लागले. आता हमालाच्या पोराने पाव किंमत पुन्हा कुठून आणावी? फारसे लोक फिरकले नाहीत तर नवल काय. २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली. आणि २०२५च्या अध्यादेशाने, नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतल्या आणि मंजूर आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींपुरते, १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे तुकडे कुठलंही शुल्क न घेता नियमित धरले. २५ वरून ५ आणि ५ वरून शून्य. आठ वर्षांत सरकारनेच हळूहळू मान्य केलं की दोष घेणाऱ्याचा नव्हता.

या काळात एक गंमतही झाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग सोडून साऱ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दीड गुंठ्याच्या प्लॉटवर घर बांधायची परवानगी अगदी सोपी केली. लोकांना आनंद झाला. आणि जुलै २०२१ मध्ये नोंदणी खात्याचं परिपत्रक आलं की मोठ्या गटातले एक-दोन-तीन गुंठे मंजूर ले-आउट नसेल तर खरेदीला नोंदवायचेच नाहीत. म्हणजे एक खातं म्हणतं दीड गुंठ्यावर खुशाल घर बांधा, दुसरं म्हणतं दीड गुंठा घेऊ नका. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पुढे २०२३ मध्ये बुलढाण्यासह बहुतेक जिल्ह्यांत शेतीसाठीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. २०२४च्या नियमांत विहिरीला, शेतरस्त्याला आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला हजार चौरस फुटांपर्यंत जागा विकायची वाट मोकळी झाली.

हे सगळं मी फोनवर माझ्या भाच्याला सांगत होतो. तो अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तो हसून म्हणाला, "मामा, हे तर आमच्याकडेही होतं!" त्याने सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं. ह्यूस्टनमध्ये एका घराला निदान ५००० चौरस फुटांचा प्लॉट हवा असा नियम होता. १९९८ साली शहराच्या आतल्या भागापुरता तो १४०० चौरस फुटांवर आणला, २०१३ मध्ये ही सवलत बाहेरच्या भागातही नेली. एका जुन्या बंगल्याच्या जागी दोन-तीन उभी घरं झाली आणि मध्यमवर्गीय माणसाला गावात राहायला जागा मिळाली. १४०० चौरस फूट म्हणजे आपला सव्वा गुंठा! जगाच्या दोन टोकांना माणसाला लागतं सारखंच. फरक एवढाच की तिथे आधी रस्ता आणि सांडपाण्याची नळी होती, मग प्लॉट लहान झाला. आपल्याकडे प्लॉट आधी लहान झाला, रस्ता आणि नाली अजून यायची आहे.

आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९१५ सालीच मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा झाला होता. त्याची रीत अशी: भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, शाळा, बाग यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नीट चौकोनी प्लॉट करून परत द्यायची. पुण्याचं शिवाजीनगर, म्हणजे जुनं भांबुर्डा, अशाच योजनेतून वसलं. तिथल्या पत्त्यांत अजून 'फायनल प्लॉट नंबर' दिसतो तो त्याचाच. मुंबईत पार्ला, सांताक्रूझकडेही अशा योजना झाल्या. ही तरतूद १९६६च्या आपल्या नगररचना कायद्यातही आहे. शेजारच्या गुजरातने ती भरपूर वापरली, आपण फार थोडी.

माझे एक शेतकरी मित्र म्हणतात, "तुम्ही मास्तर लोक गुंठे मोकळे करा म्हणता, उद्या सगळी काळी जमीन घरांखाली जाईल." त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. शेताचं प्रमाणभूत क्षेत्र राहायलाच हवं, आणि शेतीसाठी ते आहेच. पण गावाच्या वेशीला टेकलेलं वावर पाच-दहा वर्षांत घरांखाली जाणार हे त्यांनाही दिसतं, मलाही दिसतं. मग तिथे 'तुकडा पाडू नका' असं म्हणत बसण्यात काय हशील? त्यापेक्षा आधी तीस फुटांचा रस्ता आखा, नालीचा उतार काढा, आणि मग म्हणा, घ्या बाबांनो एक-एक गुंठा. थोडी जमीन रस्त्याला जाईल, उरलेल्या जमिनीला भाव चढेल, आणि घेणाऱ्याच्या हातात पक्कं खरेदीखत येईल.

कारण २०२५च्या अध्यादेशाने मागचं निस्तरलं, पुढचं नाही. १५ ऑक्टोबर २०२४ नंतर घेतलेल्या माणसाचं काय? आपल्या जिल्ह्यात मेहकर-सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या धावत आहेत. महामार्ग आला की त्याच्या आजूबाजूला प्लॉटचे फलक लागायला किती वेळ लागतो? आज रस्ते आखले नाहीत तर पुढच्या पिढीला पुन्हा एक मुदत, पुन्हा एक अध्यादेश लागेल. दर वीस वर्षांनी माफी द्यावी लागते तो नियम माणसांसाठी केलेला नव्हे, असं मला वाटतं.

जाता जाता एक सांगतो. हॅरॉल्ड मान यांना ज्या पिंपळे सौदागरच्या तुकड्यांची काळजी वाटली, ते गाव आज पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. तिथे उंचच उंच इमारती आहेत आणि आपल्याकडची कितीतरी मुलं नोकरीपायी तिथल्या फ्लॅटमध्ये राहतात. ७ एकर उरले म्हणून ज्या जमिनीसाठी विद्वान हळहळले, तिथे आता चौरस फुटांत मोजणी होते.

असो. लांबलं. नात्यातल्या सगळ्यांना एकच विनंती. घरातली जुनी पेटी उघडा, आजोबा-वडिलांनी घेतलेल्या जागेचा कागद काढा आणि सात-बाऱ्यावर कोणाचं नाव आहे ते बघा. विकणारी पिढी हयात आहे तोवर सह्या मिळतात.