कोर्टाच्या दारातलं तिकीट

चिमूर म्हटलं की इतिहासवाल्यांना ऑगस्ट 1942 आठवतो. मला आठवते माझी आत्या, आणि तिने कधीच न भरलेली कोर्ट फी.

तर झालं असं. 2012 मध्ये आजोबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. चिमूरचं घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आत्याचा वाटा बाबांच्या आणि काकांच्या बरोबरीचा. तो मिळेना, म्हणून ती दावा लावायला निघाली. कोणीतरी तिला फीचा आकडा सांगितला. शिलाईतली तीन महिन्यांची कमाई! "येवढे पैसे कुठून आणू बाप्पा?" म्हणाली, आणि विषय संपला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं, हे मात्र लख्ख आठवतं.

गेल्या वीकेंडला सहज शोधत बसलो, ही फी मुळात आली कुठून?

मराठेशाहीत न्यायाचे पैसे लागतच. पण निवाड्यानंतर. जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरायची, हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. आमच्या आयटीच्या भाषेत, डिलिव्हरीनंतर बिलिंग. कंपनी सरकारने हे उलटं केलं. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये फी काढून टाकली, दावे तुंबले, आणि 1795 च्या 38 व्या रेग्युलेशनने ती परत आली. कारण उघड सांगितलेलं होतं: बिनबुडाचे दावे थांबावेत. थोडक्यात, सर्व्हरवर लोड आला म्हणून लॉगिनच्या आधीच पेमेंट गेटवे! पुढे मेकॉलेनेच या कारणाची टर उडवली. बरोबरच आहे. पैसे मागितले की खोटा माणूस थांबतोच असं नाही, गरीब मात्र नक्की थांबतो.

चिमूर तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होतं. 1854 मध्ये ते राज्य खालसा झालं, 1870 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानभर कोर्ट फीचा कायदा आला, आणि दारातलं हे तिकीट आपल्याकडेही लागू झालं. स्वातंत्र्यानंतर, 1958 मध्ये, सेटलवाडांच्या विधी आयोगाने बजावलं की न्यायदानातून सरकारने नफा कमवू नये. तरी 1959 मध्ये मुंबई राज्याचा नवा फी कायदा आलाच. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो.

हिशेब तसा अवघड नाही. आधी दाव्याचं मूल्यांकन, मग कोष्टकाप्रमाणे फी. वाटणीच्या दाव्यात अख्ख्या घराची किंमत धरत नाहीत, आपण मागतो त्या वाट्याची धरतात. फीची कमाल मर्यादा 3 लाख होती, 2018 मध्ये ती 10 लाख झाली. पूर्वी तिकिटं चिकटवायची, आता ऑनलाइनही भरता येते. फी कमी पडली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली न्यायाधीश मुदत देऊ शकतात. अगदीच निर्धन असाल तर आदेश 33 खाली फी न भरता दावा लावण्याची परवानगी मागता येते. जिंकलात तर कोर्ट हा खर्च हरणाऱ्यावर टाकू शकतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर फी परत मिळते.

आणि आता खरी गंमत. म्हणजे गंमत कसली... 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली होती. ज्या फीपायी आत्या परत फिरली, ती तिला लागूच नव्हती.

हे वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. कारण त्या दाव्यात प्रतिवादी माझेच बाबा असते. 1795 चं ते रेग्युलेशन आमच्या बाजूने काम करून गेलं होतं. आम्हाला फक्त गप्प बसायचं होतं.

बाबांना फोन केला. "आता जुनं कशाला उकरतोस?" म्हणाले. मग आत्याला केला. सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग आता?"

आता मुदतीचा प्रश्न आहे, तो वकिलालाच विचारावा लागेल. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुढच्या शनिवारी आत्याला घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जातोय. बाबांनाही या म्हटलंय. बघू.