पिसांची माशी आणि चढणीचे मासे

गेल्या मे महिन्यात स्कॉटलंडहून पुतण्याचा फोन आला. "काका, सहा तास नावेत भिजलो, एक मासा लागला नाही!" तिथल्या एका क्लबात तो फ्लाय फिशिंग शिकलाय आणि लॉख लेव्हन नावाच्या तळ्यावर त्यांची स्पर्धा होती. मी जामखेडात टँकरची वाट बघत अंगणात बसलेलो. म्हटलं, बाबा रे, त्यातला थोडा पाऊस इकडे पाठव.

मग त्याने समजावून सांगितलं. या गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन नसतं, म्हणून दोरीच जड ठेवतात आणि ती हवेत झुलवून फेकतात. वारा सुटला की फेक बिघडते, पाणी गढूळ झालं की माशाला माशी दिसतच नाही. तरी स्पर्धा रद्द होत नाही. 1880 साली तिथल्या क्लबांची स्पर्धा याच तळ्यावर भरली होती, तेव्हापासून असं भिजणं चालू आहे म्हणे.

मला गंमत वाटली ती गढूळ पाण्याची. आपल्याकडे मृगाचा लाल लोंढा आला की लोक नदीकडे धावायचे! चढणीचे मासे. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येणारे, पोटं भरलेले. त्यांना ना गळ लागतो ना माशी, टोपली लावली तरी पुरे. साहेबाचा वाया गेलेला दिवस तो आपला सुगीचा. पण अंड्यावरची मादी धरली की पुढच्या सालची मासळीही टोपलीत गेली, हे तेव्हा कोण बोलणार?

त्या मासळीची मोजदाद पहिल्यांदा केली ती एका गोऱ्या फौजी अधिकाऱ्याने. कर्नल साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत 1820 च्या दशकात हिंडत होते. आपल्याच जिल्ह्यातल्या पेडगावला, भीमेच्या पात्रातले मासेही त्यांनी तपासले. 1839 मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनला मांडली. मला त्यांचं आवडतं ते हे, की काठच्या लोकांनी सांगितलेली नावं त्यांनी बरीचशी तशीच ठेवली. खुद्री, कोळस, रोहटी. महासीरचं शास्त्रीय नाव आजही 'टॉर खुद्री' आहे. नाव सांगणारा कोळी मात्र कुठल्याच कागदावर नाही.

पुढे याच महासीरवर साहेब लोक खुळावले. मद्रासकडच्या हेन्री थॉमसने 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गळावर आख्खं पुस्तक लिहिलं, महासीर सामनपेक्षा भारी झुंजतो असं त्याचं मत. आणि नद्यांमधून तो कमी व्हायला लागल्यावर 1970 च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांच्या तळ्यावर, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पिल्लं कृत्रिम रीतीने वाढवून दाखवली. असो.

आमच्या आप्पांना, म्हणजे पुतण्याच्या आजोबांना, हे काही ठाऊक नव्हतं. विंचरणेच्या डोहावर वेळूची काठी घेऊन ते तासन् तास बसायचे. 1972 ला डोह आटला. शेवटच्या गुडघाभर चिखलात लोकांनी मासे हातांनी उचलले. आप्पाही खडीच्या कामावरून परत येताना उतरले, चार मासे घरी आणले. आम्ही पोरं हरखलो. ते जेवले नाहीत. "हे काय धरणं झालं?" एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, डोह भरला, पण काठी त्यांनी पुन्हा घेतली नाही.

"काका, आजोबांचा गळ असेल का रे घरात?" फोन ठेवता ठेवता पुतण्याने विचारलं.

माळ्यावरच्या डालड्याच्या डब्यात तीन सापडले. दोन गंजून गेलेत. एक घासून, तेल लावून ठेवलाय. दिवाळीला येतोय तो.