हीनयान की महायान? टपरीवरचा एक प्रश्न

आज थोडं घरातलं बोलतो.

जालना एमआयडीसीत एका स्टील कंपनीच्या ईआरपीचं काम माझ्याकडे आहे. परवा चहाच्या टपरीवर एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "तू बौद्ध ना? मग हीनयान की महायान?" मी गप्प. बीटेक झालोय, बुद्धवंदना ऐकत मोठा झालोय, मोबाईलवर झेनच्या रील्स बघतो, आणि एवढं सांगता येईना! लाज वाटली. रूमवर येऊन वाचायला बसलो, तर माझ्याआधी हाच शोध घेतलेली दोन माणसं भेटली.

पहिले धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६चा, गाव गोव्यातलं साखवाळ. शाळा जेमतेम झालेली. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात बौद्ध धर्म भेटेल म्हणून गेले, पण तिथली अवस्था पाहून निराश झाले. मग बोधगयेत कळलं की पाली ग्रंथ शिकायचे तर सिलोन गाठावं लागेल. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोचले. गूगल नाही, मॅप नाही. विचारत विचारत गेले.

दुसरे बाबासाहेब. मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि दीक्षा थेट १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. मध्ये एकवीस वर्षं! त्या काळात वाचन चालू होतं, १९५० मध्ये सिलोन आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेश प्रत्यक्ष पाहून झाला.

आता गंमत बघा. त्यांनी स्वतः त्रिशरण-पंचशील घेतलं ते भदंत चंद्रमणी या ब्रह्मी, थेरवादी भिक्खूंकडून. पण लगेच वळून लाखो लोकांना दीक्षा मात्र स्वतःच दिली, सोबत २२ प्रतिज्ञा दिल्या. आदल्याच दिवशी त्यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की हीनयान-महायानाच्या वादात मी लोकांना ओढणार नाही. 'नवयान' हा शब्द तिथूनच रूढ झाला.

त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर ते मूळ गोष्टच तपासतात. म्हातारा, आजारी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, असं आपण ऐकलेलं. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाला ही दृश्यं पहिल्यांदाच कशी दिसतील? मी अठ्ठावीसचा आहे, त्यामुळे इथे थांबलोच. त्यांची मांडणी अशी: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत भांडण पेटलं, शाक्यांनी युद्ध ठरवलं, सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यातून गृहत्याग झाला. पाण्यावरून भांडण! उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या जालनेकराला हे कारण समजावून सांगावं लागत नाही.

तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर वाटा बऱ्याच आहेत. ब्रह्मदेशातून आलेली, गोएंका गुरुजींची दहा दिवसांची विपश्यना इगतपुरीला आहे. गल्लीतला विहार आहे. पण ॲप निवडल्यासारखं एका रात्रीत ठरवायचं टेन्शन घेऊ नका. बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली, आणि कोसंबींनाही आधी चुकीच्या दारावरून परत फिरावं लागलं.

रविवारी घरी गेलो तेव्हा आजीलाही विचारलं, "आजी, आपण हीनयान की महायान?"

ती म्हणाली, "ते मला नाही सांगता यायचं, बाळा. पाचवं शील पाळतोस का, ते सांग आधी."

पाचवं शील म्हणजे नशा न करणं. एमआयडीसीतल्या शनिवारच्या पार्ट्या आठवल्या आणि मी पुन्हा गप्प.

सहकाऱ्याला सोमवारी उत्तर दिलं. आजीला द्यायचं बाकी आहे. भेटू पुढच्या भागात. जय भीम, नमो बुद्धाय!