‘मॅफिकिंग’ : एका आनंदाचें नांव

शब्दांच्या जन्मतिथी सहसा सांपडत नाहींत. इंग्रजी बोलींतील ‘मॅफिक करणें’, म्हणजे रस्त्यांत आनंदानें धुडगूस घालणें, या क्रियापदाची मात्र जवळजवळ घटकाही सांगतां येते. १८ मे १९०० च्या रात्रीं दक्षिण आफ्रिकेंतील मॅफेकिंग गांवाचा बोअरांनीं घातलेला वेढा उठल्याची वार्ता लंडनांत पोहोंचली, आणि एरवीं शेजाऱ्याशींही मोजकेंच बोलणारें तें शहर रस्त्यावर लोटलें. अनोळखी माणसें एकमेकांच्या गळ्यांत पडलीं. निशाणें, कर्णे आणि गाणीं यांना दुसऱ्या दिवशींही खळ पडला नाहीं. गांवाचें नांव कानाला इंग्रजी धातुसाधितासारखें लागतें, हें वृत्तपत्रकारांच्या ध्यानीं आलें. शेवट छाटून ‘मॅफिक’ हा नवा धातु त्याच महिन्यांत छापलाही गेला.

वैयाकरणांनीं कपाळावर हात मारावा अशीच ही व्युत्पत्ति! मूळ नांव त्स्वाना भाषेंतलें, ‘मफिकेंग’. ‘मफिका’ म्हणजे खडक, आणि पुढचा प्रत्यय आपल्या सप्तमीसारखा स्थलवाचक : ‘खडकांच्या ठायीं’. म्हणजे ज्या शेपटीस लंडनकरांनीं स्वभाषेंतील समजून कापलें, ती परभाषेची विभक्ति होती.

पण त्यांचें अज्ञान व्याकरणापुरतें असतें तर हंसून सोडतां आलें असतें. २१७ दिवसांच्या त्या वेढ्यांत गोऱ्यांचा सेनापति बेडन-पॉवेल जगप्रसिद्ध झाला. बरोलोंग लोकांनीं त्याच गांवाच्या रक्षणार्थ बंदुका धरल्या, हें मात्र फारसें कोणी सांगितलें नाहीं. शिधा तोडला गेला तो मुख्यतः काळ्यांचा, आणि भुकेनें मेले तेही मुख्यतः तेच. कित्येक निर्वासितांना तर अन्न पुरावें म्हणून वेढ्याबाहेर पडण्यास भाग पाडण्यांत आलें. कचेरींतील एक तरुण दुभाषी, सोल प्लाट्जे, हें पाहून इंग्रजींत रोजनिशी लिहीत होता. ती छापून आली १९७३ सालीं! मॅफिकिंग शब्द तोंवर जुनाट होऊन कोशांत जाऊन बसला होता.

लंडनच्या उत्सवानंतरही युद्ध दोन वर्षें चाललें. तह ३१ मे १९०२ रोजीं झाला. पुढें १९१३ च्या कायद्यानें काळ्यांचा जमिनीवरील हक्क आक्रसला, तेव्हां हाच प्लाट्जे दाद मागण्यास १९१४ सालीं शिष्टमंडळासह लंडनला गेला. ज्या शहरानें त्याच्या गांवाचें क्रियापद केलें होतें, तेथील सरकारनें त्यांस हात हलवीत परत पाठविलें.