डांबर, धूळ आणि मोटारीचा रंग

भोरहून आंबवड्यास निघालेल्या मोटारीवर उन्हाळ्यांत नव्या रस्त्याचें डांबर उडालें, कीं मालक चडफडतो. परंतु डांबर रस्त्यावर आलें तें मोटारीच्याच पायीं! मोटारींनीं उडणारी धूळ बसावी म्हणून 1902 सालीं मोनॅकोंत स्विस वैद्य डॉ. गुलिएल्मिनेत्ती यांनीं रस्त्याला डांबर फांसविलें. इकडे बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीनें 1928 सालीं पेट्रोलवरील जादा करांतून रस्ते सुधारावे, अशी शिफारस केली. 1929 पासून तसा निधि उभा राहिला.

डाग मात्र मोटारवाल्याच्या वांट्यास आले. 1923 च्या सुमारास अमेरिकेंत ‘ड्युको’ हा सेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग निघाला. त्यांतील द्रावक उडून गेला कीं तो वाळतो. म्हणूनच थिनर लागतांच तो पुन्हां विरघळतो. म्हणजे डागाबरोबर रंगहि जावयाचा! आजचा भट्टींत पक्का केलेला रंग पुष्कळ चिवट. तरी त्याच्यावरहि थिनर नकोच. रॉकेल डांबराला विरघळवितें, रंगाला सहसा नाहीं. गाडी सावलींत निवूं द्यावी, रॉकेलांत भिजविलेलें मऊ फडकें डागावर कांहीं मिनिटें ठेवावें (विडी तेवढी दूर असावी) व सुटलेलें डांबर अलगद टिपावें. घासूं नये, डांबरांत रुतलेली बारीक कच ओरखडे काढते. मागाहून साबणाच्या पाण्यानें धुऊन मेण चढवावें, कारण रॉकेलानें जुनें मेणहि निघून गेलेलें असतें.