माल पोचला नाही? अनामत जप्त!

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा अंतराळातला आहे. पण काळजी नको, गाडी लवकरच जमिनीवर येईल.

ईव्ह ऑनलाइन नावाचा एक गेम आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने तो २००३ साली सुरू केला. हजारो माणसं एकाच आभासी विश्वात जहाजं चालवतात, व्यापार करतात आणि एकमेकांना मनसोक्त लुटतात. त्यात कुरिअर कॉन्ट्रॅक्ट हा एक प्रकार आहे. समजा मला माल पाठवायचाय. मी तो बांधून ठेवतो आणि लिहितो: कुठे न्यायचा, किती दिवसांत, भाडं किती. शिवाय आणखी एक आकडा असतो, अनामतीचा. तुम्ही काम घेतलंत की अनामत तुमच्या खात्यातून लगेच वजा. माल वेळेत पोचला तर भाडं आणि अनामत दोन्ही तुमचं. नाही पोचला तर अनामत माझी. का नाही पोचला? चाच्यांनी गाठलं, घरची लाइट गेली, की माल तुम्हीच ढापलात? गेम विचारतच नाही!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार निर्दयी वाटलं. एवढी डोकेबाज मंडळी, एक साधं इफ-एल्स टाकता येत नाही? खरोखर लुटला गेला तर माफ, नाहीतर दंड. पण मग इतिहास चाळायला लागलो आणि लक्षात आलं की त्या इफच्या कंसात काय लिहायचं, यावर माणूस जवळजवळ चार हजार वर्षं डोकं खाजवतोय.

आधी गेमचंच थोडं. या सगळ्यांचा आजोबा म्हणजे १९८४ चा एलीट. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोघा पोरांनी बीबीसी मायक्रोच्या ३२ केबी मेमरीत ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते. सुरुवातीला खिशात १०० क्रेडिट्स. स्वस्तात घ्या, महागात विका. इथे दंडाचा प्रश्नच नव्हता, कारण माल स्वतःचा, जहाज स्वतःचं. बुडालात तर तुमचं तुम्ही बघा. १९९३ च्या फ्रंटियर: एलीट टू मध्ये मात्र दुसऱ्याची पाकिटं पोचवायची कामं मिळू लागली. माल एकाचा आणि जहाज दुसऱ्याचं झालं की खरी गंमत सुरू होते. कारण वाटेत काय घडलं ते फक्त जहाजवाल्याला ठाऊक असतं.

आता उतरूया जमिनीवर, थेट बॅबिलोनमध्ये. राजा हम्मुराबीचे कायदे इसवी सनापूर्वी १८ व्या शतकातले. त्यातला ११२ वा कायदा म्हणतो की कुणी पोचवायला दिलेलं सोनं-चांदी न पोचवता स्वतःच ठेवून घेतलं, तर पाचपट भरा. आणि १०३ वा म्हणतो की व्यापाऱ्याच्या फिरत्या माणसाला वाटेत शत्रूने लुटलं, तर त्याने देवाची शपथ घ्यावी आणि सुटावं. म्हणजे मला हवं होतं ते इफ-एल्स हम्मुराबीने लिहून ठेवलं होतं की! फक्त त्याचं व्हॅलिडेशन देवाकडे सोपवलं होतं. :-) ज्या गावात देवाला घाबरतात तिथे ते चालत असेल. ईव्हमध्ये शपथ कुणाची घेणार?

ग्रीकांनी उलटा मार्ग धरला. सागरी व्यापारासाठी कर्ज मिळायचं, त्याची अट अशी की जहाज बुडालं तर कर्ज माफ. व्याज अर्थातच दणदणीत. म्हणजे न पोचल्याचा दंड शून्य. परिणाम काय? डेमोस्थेनीसच्या नावावर असलेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या एका कोर्टातल्या भाषणात ही हकिकत आहे. हेगेस्ट्रॅटोस नावाच्या कप्तानाने सिराक्यूजमध्ये धान्याच्या नावावर कर्ज उचललं, पैसे गुपचूप घरी पाठवले आणि अथेन्सच्या वाटेवर रात्री जहाजाच्या तळाला भोक पाडायला घेतलं. जहाज बुडालं की कर्जही बुडालं! आवाज झाला, लोक जागे झाले, पठ्ठ्याने पळून जायला होडीच्या दिशेने उडी मारली, ती चुकली आणि तोच बुडाला. जहाज मात्र तरलं.

आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर याच धर्तीची जोखमी हुंडी होती. माल पाठवणारा ती विकून रोख पैसे घ्यायचा आणि जहाज सुखरूप बंदराला लागलं तरच हुंडीचे पैसे द्यावे लागायचे. कर्ज आणि विमा एकाच कागदात! पण अशा कागदावर पैसे लावायचे तर समोरच्याची पत नीट माहीत हवी. अनोळखी माणसाच्या जोखमी हुंडीला हात कोण लावणार?

अनोळखी माणसांसाठी उत्तर दिलं इंग्रजांच्या कोर्टाने. १७८५ सालचा फॉरवर्ड विरुद्ध पिटार्ड हा खटला. वाहतूकदाराच्या ताब्यातला हॉप्सचा माल आगीत जळाला. आग त्याने लावली नव्हती, शेजारून आली होती. त्याची काही हयगय नव्हती, हे ज्युरीनेही मान्य केलं. तरी लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल दिला: पैसे भर. सूट फक्त दैवी आपत्तीला आणि राजाच्या शत्रूंनी केलेल्या नुकसानीला. का, तर वाहतूकदाराने उद्या दरोडेखोरांशीच संधान बांधलं तर बिचारा मालक ते सिद्ध कसं करणार? थोडक्यात काय, तर ज्या गोष्टीचा पुरावाच मिळणार नाही त्यावर वाद घालू नका. ईव्हच्या अनामतीमागचा हिशोब हाच. गेमला दरोडा आणि मिलीभगत यांतला फरक कळू शकत नाही.

झालं, प्रश्न सुटला? छे! आता मालकाची बारी. वाहतूकदार सगळं भरून देणार म्हटल्यावर लोक साध्या पार्सलात हिरे-मोती घालून साधं भाडं देऊ लागले. म्हणून ब्रिटनमध्ये १८३० साली कायदा आला: ठरावीक मौल्यवान वस्तूंची किंमत १० पौंडांच्या वर असेल तर आधी सांगा आणि जास्त भाडं द्या, नाहीतर भरपाई विसरा. भारतातल्या १८६५ च्या कॅरियर्स अ‍ॅक्टमध्ये हाच आकडा १०० रुपये होता. त्याच कायद्यात हेही होतं की माल हरवला तर वाहतूकदाराची हयगय मालकाने सिद्ध करायची गरज नाही. त्याची जागा पुढे २००७ च्या कॅरेज बाय रोड अ‍ॅक्टने घेतली.

आणि ईव्हमध्ये? तिथे असा कायदा नाही, त्यामुळे तिथले मालक बेरकी झाले. भंगार माल बांधायचा, अनामत अवाच्या सव्वा ठेवायची, भाडंही घसघशीत दाखवायचं. मुक्कामाच्या ठिकाणी आपलेच साथीदार दबा धरून बसवायचे, किंवा वाहतूकदाराला आत शिरायची परवानगीच नाही असं स्टेशन निवडायचं. माल पोचत नाही, अनामत आपली. दंड हाच धंदा! शेवटी जाणत्या वाहतूकदारांनी स्वतःच अनामतीवर कमाल मर्यादा घातल्या. म्हणजे १८३० साली ब्रिटिश पार्लमेंट ज्या मुक्कामाला पोचलं, तिथेच गेमर मंडळी आपापली ठेचा खात पोचली.

मला यातून उमगलं ते असं. दंड शून्य असेल तर जहाजवाला भोक पाडतो, दंड बेसुमार असेल तर मालक सापळा लावतो. दंडाचा आकडा हा शिक्षेचा प्रश्न वाटतो, पण खरा प्रश्न असतो की वाटेत काय घडलं हे कुणाला दिसतं आणि न दिसणाऱ्या भागाची किंमत कोण मोजतो. ती किंमत आधी सांगितलेली असेल आणि भाड्यात धरलेली असेल, तर व्यवहार टिकतो. नाहीतर जो दुबळा त्याच्या खिशातून ती जाते.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टच्या करारात उशिरा डिलिव्हरीचा पेनल्टी क्लॉज असतो आणि सहसा आपण टक्के वाचून पान उलटतो. सोमवारी ऑफिसात गेलात की तो एकदा नीट वाचा. उशीर क्लायंटने रिक्वायरमेंट्स बदलल्यामुळे झाला, तर ते दाखवायचं कुणी आणि कशावरून, हे त्यात लिहिलंय का बघा. नसेल, तर तुम्ही अनामत भरून बसलेले आहात, एवढं लक्षात असू द्या.