गुलाबी बोंडअळी : घातक उत्परिवर्तन व प्रजनन

उत्परिवर्तन घातक की लाभाचे, हे परिस्थिती ठरवते. यवतमाळच्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळी हे त्याचे ठळक उदाहरण. बीटी विष, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने कपाशीतच तयार होणारे विष, अळीच्या आतड्यातील ज्या प्रथिनांना चिकटते, त्यांच्या जनुकात बिघाड झाला की अळी वाचते. विष नसेल तिथे मात्र असा बिघाड बहुधा तोट्याचा. तो सहसा अप्रभावी असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच पुरता उपयोगी. बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम यावरच बेतला होता: तिथले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि संतती विषाला बळी पडावी.

भारतात बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दुहेरी जनुकाची २००६ मध्ये. २०१७ च्या हंगामात यवतमाळात बोंडेच्या बोंडे किडली. शेतकऱ्यांनी बीटी नसलेल्या ओळी लावल्या नाहीत म्हणून हे घडले, असे म्हणतात. ते अर्धेच खरे. आपले बीटी वाण संकरित. त्यामुळे एकाच बोंडातील काही सरक्यांत विष असते, काहींत नसते, आणि सरकी खाणारी, एकाच पालकाकडून बिघाड आलेली अळीही तगू शकते. त्यात फरदडीने, म्हणजे हंगामानंतरही पीक शेतात राखल्याने, किडीला जादा पिढ्या मिळतात. लैंगिक प्रजननच प्रतिकार पसरवते, हा ओळींच्या उपायावरील आक्षेप रास्त आहे. पण प्रतिकार दुर्मिळ असेपर्यंत तेच त्याला दडपतेही. याउलट त्याच शेतातील मावा ही कीड नराविना वाढते: तिथे घातक बदल वंशातून सहजी गळत नाहीत, साचत जातात.